न जोडलेले हात

देव आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल लावण्याच्या हेतूने हा संग्रह सिद्ध झालेला नाही, हे वाचकाच्या कानांवर आरंभीच घातलेले बरे. कारण नास्तिक हा शब्द मुखपृष्ठावर दिसताच आपल्याकडील चांगला सुशिक्षित गृहस्थदेखील एक तर वादासाठी बाह्या सावरू लागतो किंवा पुस्तक मिटून बाजूस ठेवतो. पुढील पृष्ठांत ज्यांनी आपापली हकीकत सांगितली आहे ते कोणी तत्त्वज्ञ नव्हेत. ते शाळामास्तर आहेत, धर्मादाय वसतिगृहांत राहून शिकलेली मुले व मुली आहेत, शाळेच्या कचेरीत आयुष्य घालविलेला एक लेखनिक आहे. आणि साडेदहाची घंटा होऊन प्रार्थनेचे सूर निघाले म्हणजे आपल्या दोन हातांचे काय करावे, एवढाच त्या सर्वांपुढील प्रश्न होता. प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या गावात शाळा एकच, देऊळ एकच आणि शाळेचा अध्यक्ष व देवळाचा पंच हेही एकच, तेथे या क्षुल्लक प्रश्नाच्या उत्तरावर नोकरी, बढती, मुलीचे लग्न आणि मयताला खांदा देणारी माणसे अवलंबून असतात.

नास्तिक हा शब्दच मुळात मोठा फसवा आहे. पाणिनीने अस्ति आणि नास्ति या पदांवरून आस्तिक व नास्तिक हे शब्द सिद्ध केले, आणि टीकाकारांनी त्यांचा अर्थ परलोक मानणारा व न मानणारा असा लावला. मनूने वेदांची निंदा करणाऱ्यास नास्तिक ठरविले. जगाचा कर्ता न मानणारा हा आजचा अर्थ पुष्कळ मागाहून रूढ झाला. म्हणूनच निरीश्वर सांख्य आणि मीमांसक हे दोघेही आस्तिकांच्या पंक्तीला निःशंकपणे बसू शकले. त्यांतही मीमांसकाचे उदाहरण मला फार बोलके वाटते. जगाला निर्माता आहे असे मानण्याची त्याला गरज भासत नाही, परंतु यज्ञातील एक आहुती इकडची तिकडे झालेली मात्र त्याला खपत नाही. मनात काय आहे याची झडती आपल्या समाजाने फारशी कधी घेतली नाही. त्याने झडती घेतली ती आचाराची. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सर्वदर्शनसंग्रह रचला तेव्हा पहिले प्रकरण त्यांनी चार्वाकाला दिले, आणि त्याबद्दल त्यांच्या धर्मनिष्ठेविषयी कोणी संशय घेतला नाही. उलट महाभारताच्या शांतिपर्वातील चार्वाक पाहावा. युधिष्ठिर विजयी होऊन हस्तिनापुरात प्रवेश करीत आहे, ब्राह्मण आशीर्वाद देत आहेत, आणि भिक्षूच्या वेषातील तो एकटा पुढे होऊन ज्ञातिवधाबद्दल राजाचा धिक्कार करतो. तेव्हा ते ब्राह्मण त्याला आपल्या हुंकारांनी जाळून टाकतात. महाभारतकारांनी त्याला दुर्योधनाचा मित्र व राक्षस म्हटले आहे ते असो. परंतु त्या प्रसंगी त्याने ईश्वराविरुद्ध एक अक्षरही काढले नव्हते. सर्वांनी एका सुरात आशीर्वाद द्यावयाच्या वेळी त्याचा सूर निराळा लागला, एवढेच.

ग्रंथातील चार्वाकाला पहिले आसन आणि समारंभातील चार्वाकाला अग्नी, हा न्याय एकदा ध्यानी आला म्हणजे आपल्या अलीकडच्या इतिहासातील पुष्कळ गोष्टींची संगती लागते. गोपाळ गणेश आगरकरांचेच पाहा. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेला हा दरिद्री घरचा मुलगा मिल्ल आणि स्पेन्सर वाचून अज्ञेयवादी झाला, आणि १८८८ मध्ये सुधारक हे वृत्तपत्र काढून आपली मते त्याने कोणाची भीडमुर्वत न ठेवता मांडली. त्याबद्दल पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच पुण्यात, वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर, १८९२ मध्ये हेच आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही. हे कसे घडले? माझ्या मते त्याचे कारण पुण्याच्या औदार्यात नसून संस्थेच्या घडणीत आहे. ते कॉलेज चालविणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही आजीव सभासदांनी, म्हणजे शिकविणाऱ्यांनीच, चालविलेली संस्था होती. आगरकरांच्या डोक्यावर अन्नदाता असा कोणी धनी बसलेला नव्हता, आणि ज्या सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले तेही त्यांच्यासारखेच अल्प वेतनावर राबणारे होते. घरी मात्र त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या राहिल्या, आणि पतीच्या लेखणीचे प्रायश्चित्त शेजारणींच्या टोमण्यांच्या रूपाने त्यांनाच रोज घ्यावे लागले असेल, याबद्दल मला तरी शंका वाटत नाही. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून आगरकरांनी त्यापुरते पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. शेवटच्या दिवशी खांद्याला माणसे मिळतील की नाही, याचा हिशेब ज्याला आगाऊ करावा लागतो त्याच्या एकटेपणाची कल्पना त्या पुडीवरून यावी.

केवळ हिंदू संस्थांकडे बोट दाखवून हा विषय संपत नाही. मुंबईचे विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. तेथे गणित शिकविणारे रघुनाथ धोंडो कर्वे संततिनियमनाचा प्रचार करू लागले तेव्हा त्या कॉलेजची व त्यांची १९२५ मध्ये फारकत झाली, आणि महर्षी म्हणून ज्याच्या पित्याचा गौरव होत होता तो हा नास्तिक पुत्र पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक पदरमोड करून आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देऊन चालवीत राहिला. मुसलमान समाजात हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. १९७७ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धर्मविधी न करता मुंबईच्या चंदनवाडीत त्यांचे दहन झाले. ज्या समाजात दफनाखेरीज दुसरा मार्ग कोणी मनातही आणीत नाही तेथे त्या एका इच्छेची किंमत कुटुंबाने काय मोजली असेल, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

परंतु अध्यापक आणि नास्तिक या दोन्ही नात्यांनी ज्याच्या आयुष्याची कैफियत सर्वांत सलग वाचावयास मिळते तो पुरुष महाराष्ट्रातील नव्हे, आंध्रातील आहे. गोपराजु रामचंद्र राव, ऊर्फ गोरा. (नाव ऐकताच मराठी वाचकाला भजनात देहभान विसरलेला तेरचा कुंभार आठवावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) त्यांचा जन्म १९०२ चा, गंजाम भागातील छत्रपूरचा, विषय वनस्पतिशास्त्र. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात देवाचा विषय निघण्याचे तसे काही कारण नसते. पानांच्या शिरा आणि फुलांची दले मोजून तास संपतो. तथापि काकीनाड्याच्या पिठापूर राजांच्या नावाच्या कॉलेजात ते असताना त्यांनी जानवे घालण्याचे नाकारले आणि पित्याने त्यांना घराबाहेर काढले. पुढे १९३३ मध्ये त्यांच्या नास्तिक मतांसाठी कॉलेजनेही त्यांना बडतर्फ केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे कॉलेज काही कर्मठांचे आगर नव्हते. ब्राह्म समाजाच्या सुधारणेची हवा तेथे खेळलेली होती. मूर्ती फोडणारा सुधारक जेथे खपला तेथे ज्याला मूर्तीही नको आणि अमूर्तही नको असा मनुष्य मात्र खपला नाही. त्यानंतर मछलीपट्टणच्या हिंदू कॉलेजात ते रुजू झाले, आणि तेथेही काही वर्षांनी तोच प्रसंग गुदरला. तेव्हा १९४० मध्ये त्यांनी नोकरीचा नाद कायमचा सोडला आणि कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात बिऱ्हाड नेऊन नास्तिक केंद्र उघडले. पुढे १९४७ मध्ये ते विजयवाड्यास आले.

या कथेतील सरस्वतीबाई, म्हणजे गोरांच्या पत्नी, माझ्या दृष्टीने अधिक मोठ्या आहेत. दहाव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सनातन घरातून आली होती. गर्भवतीने ग्रहण पाहिल्यास मूल व्यंग घेऊन जन्मते, ही समजूत आपल्याकडेही अजून किती घट्ट आहे हे सांगावयास नको; सुईला, सुरीला हात न लावता अंथरुणावर निजून राहिलेल्या लेकीसुना मी माझ्या घरात पाहिल्या आहेत. सरस्वतीबाई गरोदरपणी अंगणात येऊन उघडपणे ग्रहण पाहत उभ्या राहिल्या. पुरुषाने जानवे काढले तर त्याची नोकरी जाते. बाईने हे केले आणि दैवयोगाने मुलाला काही झाले असते, तर जन्मभर तो दोष तिच्या एकटीच्या पदरी बांधला गेला असता. शास्त्राच्या दृष्टीने मुलाला धोका काहीच नव्हता, हे खरे. परंतु गावाच्या दृष्टीने होता, आणि राहावयाचे गावातच होते.

गोरा आणि गांधीजी यांच्या भेटींची हकीकत अॅन अथेइस्ट विथ गांधी या नावाने १९५१ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि ती गांधीजींच्याच नवजीवन संस्थेने छापली. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात १९४४ च्या अखेरीस हे दोघे भेटले. ज्या आश्रमाचा दिवस प्रार्थनेने उघडतो आणि प्रार्थनेनेच मिटतो तेथे जाहीर नास्तिकाला पाहुणा म्हणून ठेवून घेतले गेले, आणि त्याला आस्तिक करण्याची घाई कोणी केली नाही. गोरांनी आपली कन्या मनोरमा हिचा विवाह अर्जुनराव या अस्पृश्य मानलेल्या जातीतील तरुणाशी ठरविला तेव्हा तो सेवाग्रामात लावण्यास गांधीजींनी मान्यता दिली, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घेण्याची तडजोडही त्यांनी कबूल केली. १९४८ च्या ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. विवाह मात्र ठरल्याप्रमाणे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सेवाग्रामातच झाला. शब्द बदलला, समारंभ राहिला, आणि कोणाच्या भावनेला धक्का लागला नाही. हे साध्य होते, हा पुरावा आपल्याच भूमीत पडलेला असताना आपल्या शाळांना तो सापडत नाही, याचे नवल वाटते.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा दाखला येथे दिलाच पाहिजे. शास्त्री तयार करणारी ती पाठशाळा. तीत घडलेले लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मानवेंद्रनाथ रॉयांच्या विचारांकडे वळले, त्यांनी जडवाद लिहिला, हिंदुधर्माची समीक्षा लिहिली, आणि तरीही वाईशी त्यांचा संबंध जन्मभर राहिला. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मन लावून शिकविणाऱ्या जुन्या पाठशाळेत नास्तिकाला मतापुरती का होईना जागा असते. आमच्या नव्या शाळेत पूर्वपक्ष हा प्रकारच शिल्लक नाही, म्हणून तेथे तेवढीही उरत नाही, असे मी म्हणालो तर जुन्यांची स्तुती केल्याचा ठपका माझ्यावर येईल. येवो.

आता सरकारदरबारी या प्रश्नाची काय व्यवस्था आहे ते थोडक्यात सांगतो. संविधानाच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडली. देवच घ्यावयाचा तर देवीही का नको, असे आसामच्या एका कामाख्याभक्त सभासदाने विचारले. ईश्वराचा प्रश्न मतास टाकू नये अशी विनवणी झाली. तरीही मोजणी झाली, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती दुरुस्ती फेटाळली गेली. विरोध करणारे बहुतेक सभासद स्वतः भाविक होते, ही त्यातली लक्षणीय बाब. शपथ घेणाऱ्यास ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन असा विकल्पही आपल्या संविधानाने दिला. असा विकल्प इंग्लंडात मिळविण्यासाठी चार्ल्स ब्रॅडलॉ या गृहस्थाला केवढे झगडावे लागले! लहानपणी रविवारच्या धर्मवर्गात शिकविताना बायबल आणि चर्चचे धर्मनियम यांतील विसंगतीबद्दल पाद्र्याला प्रश्न विचारला म्हणून ज्याला त्या वर्गातून दूर केले गेले, तोच हा मनुष्य १८८० मध्ये पार्लमेंटवर निवडून आला आणि १८८६ पर्यंत त्याला आपल्या जागेवर निर्वेधपणे बसू दिले गेले नाही. पुढे १८८८ चा शपथेचा कायदा त्याने मंजूर करून घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आला तेव्हा आपल्या देवभोळ्या पुढाऱ्यांनी त्याचे थाटात स्वागत केले.

शाळांसाठी संविधानाचे २८ वे कलम आहे. राज्याच्या पैशावर सर्वस्वी चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये. आणि मान्यताप्राप्त अथवा अनुदानित शाळेतील कोणासही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करू नये, असा त्याचा आशय. तरतूद उत्तम आहे. परंतु त्यातच पुढे असे आहे की, व्यक्ती अज्ञान असल्यास संमती पालकाची. म्हणजे प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या मनाचा निर्णय त्याचा बाप करणार. आणि बाप तर बहुधा त्याच देवळाचा वर्गणीदार! सज्ञानाची गोष्ट थोडी बरी आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याचे नाकारले, त्यापायी त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली, आणि हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही असा निवाडा मिळण्यास त्याला २०१३ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात वाट पाहावी लागली. सरकारी अर्जात धर्माच्या रकान्यात 'कोणताही नाही' असे लिहिण्याचा अधिकार नागरिकास आहे, हे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. अधिकार आहे, पण २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशातून नास्तिक म्हणून नोंद झाली ती अवघ्या ३३ हजारांच्या घरातील माणसांची. माझ्या ओळखीचे नास्तिकच त्याहून फारसे कमी नसतील, असे विनोदाने म्हणावेसे वाटते. खानेसुमारीचा कारकून दारात उभा असतो, त्याच्याशी हुज्जत कोण घालणार, म्हणून तो आडनावावरून रकाना भरतो आणि आपण मान डोलावतो.

प्रस्तुत लेखकांपैकी काहींच्या लेखनात आस्तिकांविषयी तुच्छता डोकावते, ती मला रुचलेली नाही आणि ती गाळण्याचा आग्रहही मी धरलेला नाही. एका लेखिकेने हळदीकुंकवाच्या समारंभाबद्दल लिहिताना मात्र फार नाजूक न्याय केला आहे: देव न मानणारी ती शिक्षिका मैत्रिणींचे वाण घेते, कारण त्या वाणात देव थोडा आणि मैत्रीण फार, असे तिचे म्हणणे. कोठे हात आखडावा आणि कोठे पुढे करावा, हे ठरविण्याचे असे बारीक तारतम्य पुरुष लेखकांत क्वचितच आढळले. वर्गात देव नाही असे शिकविणारा मास्तर आणि देव आहे असे शिकविणारा मास्तर यांत फरक काय, हा प्रश्नही या संग्रहात पुरेसा कोणी विचारलेला नाही. तो वाचकाने विचारावा.

आता हे लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, याचा जाब द्यावयाचा राहिला. अधिकार नाही, ऋण आहे. एका अनुदानित शाळेत मी ३१ वर्षे नोकरी केली, आणि त्यांतील पहिल्या चार-दोन वर्षांनंतर माझा देवावर विश्वास उरला नव्हता, ही गोष्ट मी घरातही कोणाला सांगितली नाही. रोज सकाळी मी हात जोडले. दसऱ्याला पाटीवरील सरस्वतीला फूल वाहिले, गणपतीची वर्गणी वर्गावर्गांतून गोळा करून तिचा हिशेब चोख ठेवला. सक्ती झाली असे म्हणण्याची सोय नाही, कारण नाही म्हणून मी पाहिलेच नाही.

एका जूनमध्ये सहावीच्या माझ्या वर्गात एक मुलगा नव्याने दाखल झाला. प्रार्थनेच्या वेळी शिरस्त्याप्रमाणे सर्वांचे डोळे मिटलेले असतात. वर्गशिक्षक म्हणून देखरेखीसाठी मी तेवढे उघडे ठेवीत असे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला दिसले की, रांगेतील त्या मुलाचे हात मांड्यांशी सरळ आहेत, ओठ बंद आहेत आणि डोळे उघडे आहेत. त्याची माझी दृष्टादृष्ट झाली. तो घाबरला नाही. त्याने माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिले, मग पुन्हा माझ्या उघड्या डोळ्यांकडे पाहिले, आणि काही उमगल्यासारखा तो किंचित हसला. नंतर मी त्याला बाजूस घेऊन विचारले, "काय रे, हात का जोडत नाहीस?" तो म्हणाला, "सर, मला तसं वाटत नाही." मी त्याला वर्गात जाण्यास सांगितले. वर्षभर तो तसाच उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले. एप्रिलात प्रगतिपुस्तके भरावयाची वेळ आली तेव्हा वर्तणुकीच्या रकान्यात इतर सर्व मुलांपुढे, भांडखोर आणि चोरटी धरून, मी 'उत्तम' असे लिहिले. त्याच्यापुढे 'समाधानकारक' लिहिले, आणि खाली सही केली.